वर येणारा किनारा आणि दोघी बहिणी

होड्या बांधणाऱ्या त्या बाईला गावात सगळे ताईच म्हणत. तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. तिची नवीकोरी होडी कार्यशाळेच्या उतारावरून दिमाखात घसरली, जेमतेम पाण्यात शिरली आणि चिखलात रुतली ती रुतलीच. आत ताई, काठावर अख्खा गाव.

"ताई, चाकं लावायची राहिली वाटतं!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. ताईही हसली, पण मनातून खट्टू झाली. वडिलांच्या वेळी याच जागी पोरांच्या छातीला लागेल एवढं पाणी होतं. ताई आणि धाकटी, दोघी बहिणी पोहायला शिकल्या त्या इथेच, नाकातोंडात पाणी जात जात. आता तिथे गवत माजलं होतं. गाळ साचला असेल म्हणून तिने उपसा केला, तर लगेच खडक लागला.

बंदरात समुद्राची पातळी मोजणारी एक बाई होती. ताईने तिलाच गाठलं.

"गाळ नव्हे, जमीनच वर येतेय," ती म्हणाली. "हिमयुगात इथे डोंगराएवढा बर्फ बसला होता. त्याच्या ओझ्याने जमीन दबली. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी ती अजून वर येतेय. वर्षाला नखभर."

"गादीवरून जाडजूड माणूस उठला की ती फुगते तशी?"

"तशीच. फक्त ही गादी भारी आळशी. आणि तेव्हा बर्फाच्या कडेबाहेर जी जमीन फुगली होती, ती आता खाली बसतेय. दक्षिणेचा किनारा बघा ना."

दक्षिणेच्या किनाऱ्यावर तर ताईची धाकटी बहीण राहायची. शिडं शिवायची. फोनवर नेहमी म्हणायची, "जरा ओल असते गं, बाकी मजेत."

ताईने तडक फोन लावला. "खरं सांग, पाणी कुठवर येतं?"

धाकटी घुटमळली. "शिलाई मशीन टेबलावर चढवलंय. वादळात स्वयंपाकघरात होडी लागेल बघ."

"मग इकडे निघून ये."

"तुझ्या डोक्यावर बसायला?"

"डोक्यावर कशाला? इथे समुद्रच जागा करून देतोय!"

ताईने कार्यशाळा फळीफळीने सोडवली आणि पुढे, पाण्यालगत, पुन्हा उभी केली. कार्यशाळेच्या जुन्या दगडी जोत्यावर धाकटीचं घर बांधलं. धाकटीचा नवरा आधी कुरकुरला. लाटा ऐकू येत नाहीत म्हणून त्याला झोप लागेना. मग तोही रमला, रंधा मारायला शिकला, आणि ताईची बोलणीही खाऊ लागला.

आता धाकटी कार्यशाळेच्या लांबरुंद जमिनीवर शीड पसरून गुडघ्यांवर रांगत टाके घालते, आणि ताई होडीला डांबर फासता फासता तिच्याशी वाद घालते. एकदा धाकटीने विचारलंच, "ही जागा तरी किती दिवस पुरेल गं?"

"आपल्याला पुरून उरेल," ताई म्हणाली. "पुढे ज्याला होड्या बांधायच्या असतील, तो कार्यशाळा सरकवेल की स्वतः. सगळं आपणच करून ठेवायचं का? तो ब्रश दे इकडे."