जाळीतली धामण

बाजारात हिरव्या नायलॉनच्या जाळीची गुंडाळी दिसली की केशोरीतल्या आमच्या घरामागची भाजीपाल्याची बाडी आठवते. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. वालाच्या वेलांभोवतीच्या जाळीत लांबलचक साप अडकला होता आणि शेजारी काठ्या घेऊन धावले. सासूबाई आडव्या आल्या. "धामण हाय ते. धानातले उंदीर खाते, कायले मारता?" मग माझ्याकडे वळल्या, "मुंडी मी धरली, तू जाळी काप." घरातून कात्री आणून खवल्यांत रुतलेला एकेक धागा मी कापला. शेवटचा तुटताच धामण सळसळत शेजारच्या धानाच्या शेतात शिरली. "माही सून भेत नाही!" सासूबाई सगळ्यांना ओरडून सांगू लागल्या. आता कोणाच्याही बाडीत साप अडकला की गाव आधी मलाच बोलावतं.