जळकोट ते तुळजापूर पळालो, सोनारीला लंगडत गेलो

मॅरेथॉन कशी पळावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पळून झाल्यावर उकिडवं कसं बसावं, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्यांना ही अडचण कळली त्यांनी हसू नये, त्यांच्यावरही वेळ येईल.

मी उस्मानाबादेत कचेरीतला कारकून. आमच्या साहेबांनी इंग्रजी वर्तमानपत्रात या शर्यतीबद्दल वाचलं आणि सरकारांच्या सालगिरहनिमित्त, म्हणजे वाढदिवसानिमित्त, नकाशावर जळकोट ते तुळजापूर अशी रेघ ओढली. तेरा कोस. नकाशावर घाम येत नाही. आम्ही बत्तीस जण सुटलो. नळदुर्गात निम्मे आपापल्या पाहुण्यांकडे पाणी प्यायला शिरले आणि जेवायलाच बसले. तुळजापुरात सात पोचले, त्यातला मी सातवा. तोवर मांडवाचं कापड उतरत होतं आणि साहेबांची खुर्ची गाडीत चढली होती. हार संपले होते, म्हणून दुसऱ्या नंबराच्या गळ्यातला काढून माझ्या गळ्यात घातला.

त्याच दमात साहेबांनी पुढची शर्यत जाहीर केली: तुळजापूर ते जळकोट, आणि परत. तारीख चिठ्ठीवर लिहून दिली, मेहर महिन्यातली, म्हणजे सरकारी फसली सालाची. "मुन्शीजी, आपल्या कचेरीतून तुमचं नाव," ते म्हणाले. "पेशकाराची जागाही रिकामी होतेय. सोचून सांगा." बारा वर्षं मी साहेबांपुढे कागद मांडायच्या त्या वरच्या जागेकडे डोळे लावून बसलो होतो. तिथल्या तिथे हो म्हणणार होतो, पण तोंडातून फक्त दम निघत होता.

हकिमांनी दहा दिवस विश्रांती सांगितली. बायको म्हणाली, "सोनारीला आक्कांकडं जा. तीन वर्षं झाली." आक्का माझी थोरली बहीण. बायकोने तीन वर्षांवर जरा जोर दिला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर येरमाळ्यापर्यंत मोटार धरा. भाडं हाली, म्हणजे आपल्या सरकारी, नाण्यांत काढून ठेवा आणि पाय लांब करायची आशा घरी ठेवा. माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी होती. पुढे वाशीच्या बाजाराला निघालेल्या ख्वाजाभाईंची बैलगाडी मिळाली. गाडीत कडब्यावर पडून मी माझा पराक्रम सांगितला.

"मंग म्होरं चोर व्हता का?" ख्वाजाभाईंनी विचारलं.

"नाही."

"मागं कुत्रं?"

"तेही नाही."

"मंग उगं कशापायी पळलाव, मुन्शीजी?"

सालगिरह, असं मी सांगितलं. त्यांनी बैलाची शेपटी पिरगाळली आणि गाडी हाकली. पण वाशीला उतरल्यावर करडईचं तेल गरम करून त्यांनी स्वतः माझ्या पोटऱ्या चोळल्या. बाजारात मात्र बातमी आमच्याआधी पोचली होती. दर दुकानापुढे एक नवा उपाय निघे: हळद, बिब्बा, एरंडाचं पान. बिब्ब्याला मी हात जोडले. भूममध्ये पेढे खा, उपाय म्हणून तेच सगळ्यात बरे.

तिसऱ्या दिवशी सोनारीत शिरलो. काळभैरवाच्या देवळापाशी माकडांनी उरलेले पेढे नेले. लंगडत आक्काच्या दारात गेलो तर तिची सासू ओट्यावर शेंगा फोडत होती.

"या पावणं. तेरा कोस पळलाव म्हनं?"

"व्हय, मावशी."

"आमी सुनंला दरसाली सांगतो, माहेर लई लांब हाय, म्हनून मुराळी येत न्हाय. तुळजापूर जवळ असंल."

इथे वाचकांपासून काय लपवायचं! नागपंचमीला भावानं मुराळी होऊन बहिणीला आणायला जायचं असतं, तेव्हाच ती माहेरी येते. आपणहून निघाली तर सासरी तोंड दाखवायला जागा उरत नाही. एका वर्षी मी कचेरीचं काम कळवलं, दुसऱ्या वर्षी पाय मुरगळल्याचं, तिसऱ्या वर्षी रस्ता लांब असल्याचं. तिन्ही वेळा पाय ठणठणीत होते.

आक्काने पाय शेकायला पाणी आणलं. मोठी माझ्याहून चार वर्षांनी, तरी खाली बसून तिनेच शेकलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"औंदा येशील का रं?" तिने मान वर न करता विचारलं.

"येतो की," मी म्हणालो. जीभ पायांपेक्षा चपळ आहे माझी.

संध्याकाळी देवळात गुरवाला साहेबांची चिठ्ठी दाखवली. त्याने पंचांग उघडलं, बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, "श्रावण शुद्ध चौथ. दुसऱ्या दिशी पंचमी." साहेबांच्या फसली तारखेत पंचमी दिसत नाही, आणि मी ती कधी शोधली नव्हती. शर्यत पळून दुसऱ्या दिवशी सोनारी गाठणं शक्यच नव्हतं. घरी येऊन पहिल्यांदाच आक्काला खरं सांगितलं: शर्यत, पेशकारी, तारीख, आणि तिन्ही वर्षांच्या थापा.

ती आत गेली आणि माहेरी न्यायच्या लुगड्यांचं बोचकं घेऊन आली. दर पंचमीला ती ते घेऊन ओट्यावर बसायची. दिवस मावळला की आत नेऊन ठेवायची, सोडायची नाही.

"हे घिऊन जा," ती म्हणाली. "मला न्यायला ये, न्हाय तर हे परत द्यायला ये. एक खेप तर तुला करावीच लागंल."

परत आल्यावर साहेबांना नकार दिला. ते म्हणाले, "अफसोस." पेशकारी मिळाली ती शर्यतीत त्यांच्या डोक्यावर छत्री धरणाऱ्याला. तोही दिवसभर उभा होता, हे मान्य करायला हवं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

हार वाळून गळून गेला. बोचकं कोनाड्यात आहे, जाता-येता दिसतं. पोटऱ्या आता बऱ्या आहेत, रोज सकाळी कोसभर चालतो. पुढची शर्यत ठरली आहे, उस्मानाबाद ते सोनारी. तिच्यात धावणारा मी एकटाच, आणि आजवर तीनदा हरलो आहे.