दुसऱ्यांदा गेलेलं शेत

कुंदाच्या मुलीचा, अनघाचा फोन आला तेव्हा मी जुन्या पनवेलमध्ये दाताच्या डॉक्टरांकडे बसले होते. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालेलं. पलीकडून ती म्हणाली, "मावशी, आई गेली," आणि मला धड बोलताही येईना. नुसतं "हो… हो" म्हणत राहिले. डॉक्टरांनी विचारलं काय झालं, तर तेही सांगता आलं नाही. रिक्षात बसल्यावर सगळ्यात आधी मनात आलं ते असं की कुंदाला हे सांगायला हवं होतं, ती मनसोक्त हसली असती. तिला असल्या गोष्टींवर हसू यायचं. लोक जिथे हळवे होतात तिथे ती हमखास काहीतरी वेडंवाकडं बोलायची आणि मग बरेच दिवस कुणीतरी तिच्यावर रुसलेलं असायचं. दीड महिना होऊन गेला त्याला. किडनीचं दुखणं जुनं होतं, जाणं अनपेक्षित नव्हतं. पण तिच्याबद्दल लिहायला बसते तेव्हा दरवेळी आजारपणापाशी न थांबता त्या प्लॉटपाशीच जाऊन पोचते. खरं तर ती आजारी तिथूनच पडली, असं मला वाटतं. डॉक्टर काहीही म्हणोत.

दोन हजार सालानंतर कुंदा आणि मी आगेमागेच नवीन पनवेलला राहायला आलो. आमची इमारत सुकापूरच्या बाजूला, वस्तीच्या टोकाला. गॅलरीतून माथेरानचा डोंगर दिसायचा, आणि डोंगर नि आमच्यामध्ये तो मोकळा प्लॉट. मोकळा म्हणायचा इतकंच. आजूबाजूला कुठेही बांधकाम झालं की फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या गोण्या, कमोडचे तुकडे तिथे येऊन पडायचे. संध्याकाळी कुणीतरी कचरा पेटवून द्यायचं आणि धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरायचा. कुंदाने मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. इथे आल्यावर वर्षभरातच तिचे यजमान मधुकरराव गेले. मुलगी अनघा पुण्यात. एका सकाळी मी खाली डोकावले तर ही बाई मधुकररावांचा फुल शर्ट साडीवर चढवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून त्या उकिरड्यात उभी आणि एकटीच टाइल्स वेचून पाटीत टाकतेय. मी वरून विचारलं, काय चाललंय? तर म्हणाली, घरात बसून रडण्यापेक्षा इथे शिंका आलेल्या बऱ्या.

त्या शिंकांतून पुढे सगळं झालं. आधी मी उतरले, मग शेजारपाजारची आणखी काही घरं. सहा महिने आम्ही फक्त राडारोडा उपसत होतो. प्लॉटवर मुरमाचा भराव होता, तो फोडून खालची काळी माती वर काढायची, जवळच्या नेरे गावातल्या गोठ्यातून टेम्पोने शेण आणायचं. सोसायटीच्या बोअरच्या पाण्यावरून मीटिंगमध्ये भांडणं झाली. कुंदा गोड बोलून कुणाला जिंकणारी नव्हती. कुणी फुलझाडं लावू म्हटलं की ती म्हणे, फुलं बाजारात मिळतात, इथे जे शिजतं तेच लागेल. पण फोनवर मात्र तिच्यासारखी तीच. ज्या सरकारी कार्यालयाच्या ताब्यात तो प्लॉट होता, तिथे ती दर महिन्याला फोन करायची आणि अजिबात आवाज न चढवता विचारत राहायची. शेवटी तिथल्या एका साहेबांनी सांगितलं की सध्या त्या जागेचं काही ठरलेलं नाही, भाजी लावताय तर लावा, लेखी मात्र काही मागू नका. तिला तेवढं पुरलं. पहिल्या वर्षी अळू आणि दुधी सोडून काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी पडवळ, भेंडी, मुळा… आणि थंडीत वाल.

याच दुसऱ्या वर्षी जनाबाई आली. आधी नुसती यायची आणि रस्त्याच्या कडेला उभी राहायची. साठीची, गावातली आगरी बाई, काष्टी नेसलेली, हातात कायम रिकामी पिशवी. आम्हाला वाटलं भाजी मागायला येते. एकदा कुंदाने दुधी पुढे केला तर तिने तो घेतला नाही. म्हणाली, "ही आमची जागा हाय. मी लग्न होऊन आली ती याच खाचरात लावणीला." शहर वसवायला जमिनी घेतल्या त्यात तिच्या सासऱ्यांचंही शेत गेलं होतं, आणि त्यातला हा तुकडा इतकी वर्षं तसाच पडून होता. ती बाजाराला जाता येता त्याच्यावर पडणारा कचरा बघत होती.

त्या रात्री कुंदा जेवली नाही, असं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणि तिच्या पद्धतीप्रमाणे कुणालाही न विचारता तिने ठरवून टाकलं की प्लॉटचा डोंगराकडचा भाग जनाबाईचा. सोसायटीत गदारोळ झाला. आज एक बाई येईल, उद्या झोपडी उठेल, परवा कोर्टात उभं राहावं लागेल, असं सेक्रेटरी म्हणाले. दोन घरांनी त्यावरून काम सोडलं. खुद्द जनाबाईच तयार नव्हती. तिने सरळ विचारलं, "परत काढून घेतलं तं?" कुंदा म्हणाली, "मी आहे ना. मी बघते." मी शेजारीच उभी होते. इतकं साधं वाक्य… आपण दिवसातून चारदा म्हणतो.

जनाबाईच्या हातात काही जादू नव्हती. शेत गेल्यापासून तिने मातीत हात घातला नव्हता, आणि तिची पहिली भेंडी आमच्याइतकीच वाईट आली. पण ती रोज यायला लागली. कुंदा आणि ती तासन् तास शेजारी बसून निंदत असायच्या. दोघी विधवा, दोघी तोंडाने फटकळ. एकमेकींना अहोजाहो करत भांडायच्या. जनाबाई मला एकदा म्हणाली की घरी मुलगा नरेश आणि सून दोघंही कामात, तिच्याशी बोलायला कुणाला वेळ नाही, इथे निदान ताई बोलतात तरी, टोचून का होईना. जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, बटाटे, ओवा, मीठ, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. सोसायटीतले काम सोडून गेलेलेही पोपटीला मात्र हजर असायचे. कुंदा त्यांना टोमणे मारत मारत वाढायची. अशा तीन पोपट्या झाल्या. माझ्या आठवणीत पनवेलमधली सगळ्यात सुखाची संध्याकाळ कुठली, तर त्यातलीच एखादी.

चौथी झाली नाही. रविवारी पोपटी ठरली होती आणि त्याआधी, शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे चहा पीत असताना खाली जेसीबी आला. मागोमाग एक जीप. प्लॉट बिल्डरला दिला गेला होता आणि कागदोपत्री सगळं कधीच पुरं झालं होतं. आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि कळवण्याचं कुणावर बंधनही नव्हतं. कुंदा शर्ट अडकवून धावत खाली गेली आणि यंत्रासमोर उभी राहिली. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून उभा राहिला. कुंदाने तिथूनच कार्यालयात फोन लावला. ते साहेब बदलून गेले होते. नव्या माणसाने तिचं म्हणणं निम्मं ऐकलं आणि फोन ठेवला. तिच्या हातात तो बंद फोन, आणि वर गॅलऱ्यांमधून आमचीच माणसं बघताहेत. काहींच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्याचा भाव होता, रस्ता होईल, पार्किंग होईल. मी खाली तिच्याजवळ होते, पण काय करायचं ते मलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात जनाबाई आली. कुंपणाच्या भिंतीशी ती खालीच बसली आणि तोंडावर पदर घेतला. कुंदाने तिला हाक मारली, "जनाबाई, इकडे या, माझ्याजवळ उभ्या राहा." ती हलली नाही. कुंदा तिच्याकडे गेली, वाकून काहीतरी बोलली. जनाबाई पदराआडूनच म्हणाली, "सोडा ताई. जाऊ द्या. माजं आधीच गेलेलं व्हतं."

कुंदा बाजूला झाली. मग वर निघून गेली. जेसीबीने डोंगराकडून सुरुवात केली. वालाला शेंगा लगडल्या होत्या.

आठवड्याभराने ती जनाबाईच्या घरी गेली. सुनेने दारातूनच सांगितलं की सासूबाई घरी नाहीत. पण आतून खोकल्याचा आवाज आला, आणि तो खोकला कुंदा ओळखत होती. परत येऊन माझ्या घरी बसली आणि म्हणाली, "बरोबर आहे तिचं. तिचं शेत एकदा सरकारने घेतलं. दुसऱ्यांदा मी घालवलं." मी खूप समजावलं. तुझा हेतू काय होता, तुझ्या हातात काय होतं… ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुला नाही कळणार. तुझं काही गेलेलं नव्हतं." तिचं ते बोलणं मला लागलं, आणि ते खरंही होतं.

त्यानंतर जवळजवळ सात वर्षं ती जगली. लोकांनी तिला दुसऱ्या जागा दाखवल्या, नेऱ्याला एकाने फार्महाऊसवर बोलावलं, कुणी गच्चीवर शेती करू म्हणाले. ती नाही म्हणाली. घरात एक कुंडीसुद्धा ठेवली नाही. समोर सात मजले उभे राहिले, डोंगर झाकला गेला. त्या इमारतीचं नाव बागेवरून ठेवलंय, ते इथे लिहीत नाही. तिथल्या लोकांचा तरी काय दोष, त्यातले कितीतरी आता माझ्या ओळखीचे आहेत. कुंदा मात्र रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तिकडे बघत बसायची. डायलिसिस सुरू झाल्यावरही. बाजारात जनाबाई दिसली की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची, तिला आपलं तोंड बघायला लागू नये म्हणून. आणि मी हेही पाहिलं होतं की जनाबाईही तिला बघून तसंच करते. मी मनात म्हटलं, किती राग धरावा माणसाने.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी अनघा आणि मी कपाट आवरत होतो. दुपारी बेल वाजली. दारात जनाबाई. जिने चढून दम लागलेला. अनघाने आत घेतलं, खुर्ची दिली, पण ती जमिनीवर बसली. पाणी घेतलं नाही. बराच वेळ कुंदाच्या फोटोकडे बघत राहिली आणि मग, आम्ही काही विचारलं नसताना, बोलायला लागली. तो जेसीबी नरेशचा होता. ड्रायव्हर ठेवलेला, यंत्र त्याचं. जमीन गेल्यावर गावातल्या बऱ्याच पोरांसारखी त्यानेही बिल्डरांची कामं धरली होती आणि यंत्र नुकतंच कर्ज काढून घेतलं होतं. प्लॉट साफ करायचं काम त्यालाच मिळालं. घरात सगळ्यांना आठवडाभर आधी ठाऊक होतं. त्याने आईला बजावलं, तिथे काही बोललीस तर काम जाईल.

"मना म्हाईत व्हतं," जनाबाई म्हणाली. "मी रोज त्यांच्या बाजूला बसून निंदत व्हती आन् मना म्हाईत व्हतं. पोराकडं बगू का ताईकडं बगू… मी नाय बोलली. ताई घरी आल्या तवा मी दाराच्या मागं व्हती. कुठलं तोंड दाखवू?"

अनघाच्या हातातली साडी तशीच राहिली. मग ती जमिनीवर तिच्यासमोर बसली आणि म्हणाली की आई तुमच्यावर कधीच रागावली नव्हती, तिला तर शेवटपर्यंत वाटत होतं की तुम्हीच तिच्यावर रागावलात. जनाबाईला ते समजायला वेळ लागला. "मी?" तिने माझ्याकडे पाहिलं, मी खरं सांगेन अशा आशेने. "मी कशाला?" मी होकारार्थी मान हलवली. आणखी काय करणार? दोघींच्या घरांमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर. सात वर्षं.

अनघा पुण्याला गेली, घराची किल्ली माझ्याकडे आहे. बंद घराला ओल धरते म्हणून मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडते. मागच्या आठवड्यात जनाबाई पुन्हा आली. खालून उघडी खिडकी दिसली असावी. घरात कुठे बसायचं तिला कळेना, म्हणून मी गॅलरीचं दार उघडलं. कुंदाची खुर्ची तिथेच आहे, अनघाला ती हलववली नाही. जनाबाई कठड्याला धरून समोरच्या इमारतीकडे बघत उभी राहिली. तिथे कपडे वाळत होते, कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"ताई रोज हितं बसायच्या?"

मी म्हटलं, रोज.

ती हळूच खाली बसली, इमारतीकडे पाठ केली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, दिवे लागेपर्यंत तशीच बसून राहिली.