वाटीच्या बुडाचा सेन्सर

"आधी हिची बॅग बघा," निखिल म्हणाला.

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही पाच जण स्पर्धेसाठी कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा उपग्रह बनवत होतो. हवेचा दाब मोजणारा सेन्सर सापडत नव्हता. नखाएवढा, चपटा. बॅगा पाच होत्या. उघडली एकच. माझी. मी पेठ तालुक्यातली, आदिवासी, होस्टेलवाली. निखिल आमचा लीडर, बाकी तिघे त्याच्याच कॉलनीतले.

नागलीची भाकरी, वह्या, आतले कपडे. सगळं टेबलावर. टीमचे मार्गदर्शक सर दारातच होते. म्हणाले, "बघू दे गं. मन साफ असेल तर घाबरायचं कशाला?"

मी बघू दिलं. त्याची लाज आजही वाटते.

सेन्सर शेवटी मीच शोधला. वजनाची मर्यादा कडक, म्हणून प्रत्येक भाग जोडण्याआधी आम्ही काट्यावर तोलायचो. सेन्सर काट्यावरच राहिला होता. निखिलने न बघता त्यावर स्क्रू तोलायची वाटी ठेवली आणि काटा शून्यावर आणला. सेन्सरला लावलेली दोन्हीकडून चिकटणारी टेप वाटीच्या बुडाला चिकटली आणि वाटीबरोबर सेन्सरही उचलला गेला. मी वाटी उलटी केली.

"अरे, सापडला की!" निखिल हसला. "चल, जोडून टाक पटकन."

बस, एवढंच. माझं डोकं फिरलं. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. सोल्डरिंग सगळं माझं, मग स्पर्धेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव का नव्हतं? मागे विचारलं तेव्हा सर "तुझी भाषा जरा..." एवढंच बोलले होते. ते मी गिळलं होतं. यांना मी हवी होते, की नुसते माझे हात?

मी सोल्डरिंग गनचा प्लग काढला.

"बॅग सगळ्यांसमोर उघडली ना? माफी पण सगळ्यांसमोर माग. नायतर मी हात लावणार नाय." घरची बोली आपोआप तोंडात आली.

सर म्हणाले, "इतकं काय मनाला लावून घेतेस? टीमचं नुकसान होईल."

"होऊ द्या."

माफी आली नाही. मी टीम सोडली. त्या उपग्रहावर माझा फार जीव होता. होस्टेलवर जाऊन रडले, पण परत गेले नाही.

तेव्हापासून मी निर्दोष असल्याचा पुरावा कुणाला दिलेला नाही. देणारही नाही. संशय घेणाऱ्याने आधी सांगायचं, माझ्यावरच का? उत्तर नसेल तर माझ्या वाटेतून बाजूला व्हायचं.