बसायला निमित्त

शहापुरात आमच्या आळीत पहिला फोन आमच्याकडे आला, कारण वडील भातसानगरला धरणाच्या ऑफिसात होते आणि ते साहेबांना केव्हाही लागत. आळीतल्या बहुतेकांनी आमचाच नंबर आपल्या माणसांना देऊन ठेवला होता. फोन आला की मी धावत जाऊन ज्याचा असेल त्याला बोलावून आणायचे. मी इंग्रजी शाळेत जाणारी, कुणाशी फारसं न बोलणारी मुलगी. "तुमचा फोन आलाय" एवढं एक वाक्य मला न अडखळता म्हणता येई.

थोडं पुढे राहणाऱ्या काकूंचा मुलगा पुण्याला कंपनीत होता. तो रविवारी सकाळी फोन करी. काकू बऱ्याच आधी येऊन बसत. बोलणं सुरू झालं की आई उठून आत जाई, आपण कान देतोय असं वाटू नये म्हणून, आणि चहा टाकी. फोन संपला की काकू तो सगळा फोन पुन्हा आईला सांगत. तिथून गोष्टी भाताच्या लावणीवर, सुनांवर, गुडघ्यांवर जात.

"तुझी पोरगी बोलते का गो कधी, का तोंड शाळंतच ठेवून येते?" काकू विचारत.

"फी तिथे भरतो ना ताई, मग तिथेच बोलणार," आई म्हणे.

आई सोलापूरकडची, वडिलांच्या बदलीबरोबर इथे आलेली. आळीत तिचं नातं कुणाशीच नव्हतं. आणि आमच्या आळीत बाईने उगाच कुणाकडे जाऊन बसायची रीत नव्हती. दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "काय काम काढलं?" त्याला उत्तर लागे. काकूंचं उत्तर आमच्या टेबलावर होतं.

मग मोबाइल आले. काकूंच्या मुलाने गणपतीत त्यांना एक आणून दिला, आणि त्या रविवारपासून काकू यायच्या थांबल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. मैत्रिणींशी दिवसभर एसएमएसवर बोलायचे आणि त्याच खोलीत आई तांदूळ निवडत असायची. पुढे रस्ता रुंद करताना केबल तुटली आणि आमचा फोन बंद पडला. वडिलांकडे मोबाइल होता, म्हणून कुणी तक्रारही केली नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी काकू दारात उभ्या.

"रेंज नाय गो येत आमच्याकडं. पोराला सांगितलंय, तुमच्याच नंबरवर लाव."

रेंज आळीत सगळ्यांना होती. काकूंचा मुलगा हल्ली फोनच करत नाही, हे नळावर सगळ्या बायकांना ठाऊक होतं. आईलाही. आणि आमचा फोन बंद आहे, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"बसा ना ताई," आई म्हणाली. "येईलच इतक्यात."

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

हिवाळाभर असंच चाललं. चहा होई, गोष्टी होत, मधेच काकू फोनकडे बघून म्हणत, "आज बिझी असंल." आई म्हणे, "रविवारीपण राबवून घेतात मेले." मग दोघी हसत. आई इतकी मोकळी हसते, हे मी विसरले होते. फोन बंद आहे हे काकूंना कळलं होतं का, मला माहीत नाही. त्यांनी रिसीव्हर कधी उचलून पाहिला नाही.

वडील रविवारी मुरबाडला प्लॉटवर जात. एकदा ते लवकर परतले. काकूंना फोनपाशी पाहून म्हणाले, "वहिनी, तो तर कधीचा बंद आहे. थांबा, माझ्यावरून लावून देतो. नंबर सांगा."

आई स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. काकूंनी नंबर सांगितला, पाठ होता. वडिलांनी लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. खोली इतकी शांत होती की रिंग मलाही ऐकू येत होती. ती वाजत राहिली आणि थांबली.

"असू दे," काकू म्हणाल्या. "झोपला असंल." त्यांनी मोबाइल पदराला पुसून परत दिला. चहा तसाच ठेवून गेल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" आईने विचारलं.

"अगं, मदत केली मी," वडील म्हणाले. ते खरंच होतं.

पुढच्या रविवारी काकू आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मग एका सकाळी आईने वाटी घेतली, केस सारखे केले आणि मला बरोबर घेऊन काकूंकडे गेली.

"काय काम काढलं?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"विरजण हवं होतं थोडं."

काकू आत गेल्या, वाटीत विरजण घालून बाहेर आल्या. आई जरा वेळ उभी राहिली. काकू खाली बघत होत्या. "भात चुलीवर हाये गो," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या.

घरी दह्याचं पातेलं भरलेलं होतं. आईने वाटी ओट्यावर ठेवली, दूध कोमट केलं आणि त्यात ते विरजण घालून सावकाश ढवळत राहिली.