मी माझं नेटवर्क कसं वाटून टाकलं

आधी चहा घ्या. एकदा सांगायला लागलो की तुम्ही हसणार, हसताना ठसका लागणार, आणि मग औषध मलाच लिहून द्यावं लागणार. तेवढं नको! आणि माझ्यापुढे लिहायला कागद ठेवू नका, कार्ड तर मुळीच दाखवू नका. सगळा घोळ तिथंच झालाय.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझा दवाखाना. डॉ. महादेव बिराजदार, सर्दी-खोकल्यापासून पुढचं सगळं. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मला एक सवय लागलीय. कुणी "डॉक्टर, जरा..." एवढं म्हणायचा अवकाश, माझा डावा हात त्याच्या नाडीवर आणि उजवा हात माझ्या खिशात! पेन निघतं, हाताला लागेल त्या कागदावर औषध उतरतं. भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी बोलताना. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर मी एकदा जंताचं औषध लिहून दिलं होतं. मेहुणा अजून नीट बोलत नाही.

आणि अक्षर? ते अख्ख्या सोलापुरात एकच माणूस वाचतो. इराण्णा, माझा कंपाउंडर. मूळचा दुधनीचा, दवाखाना उघडला त्या दिवसापासून माझ्याकडे. माझं मलाच कधी लागलं नाही तर मीही त्यालाच विचारतो. हसू नका, तुमचे डॉक्टरही विचारत असतील.

तर अलीकडे दवाखान्याची गर्दी आटलेली. पेशंट आधी मोबाइलला विचारतात, मग मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या करतात, आणि शेवटी फाइल घेऊन माझ्याकडे येतात ते फक्त "हे बरोबर हाय का हो डॉक्टर?" एवढं विचारायला. दुपारी मी आणि इराण्णा पंख्याकडे बघत बसायचो. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं. बावन्नाव्या वर्षी आपण जुने झालो, हे स्वतःला सांगणं सोपं नसतं हो.

अशात माझ्या वर्गमित्राचा फोन आला. तो हाडांचा डॉक्टर.

"म्हाद्या, रविवारी परिषद ठेवलीय आम्ही. डॉक्टरांसाठी नव्या वाटा! पुण्या-मुंबईचे कंपनीवाले येणारेत. नेटवर्किंग कर जरा!"

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

"कार्ड द्यायचं, कार्ड घ्यायचं, ओळख ठेवायची."

एवढंच? मग आपण काय कमी आहोत का! दुसऱ्याच दिवशी शंभर कार्डं छापून आणली. रविवारी सकाळी कोट चढवला, आरशासमोर तीनदा "नमस्कार, मी डॉक्टर बिराजदार" म्हणून बघितलं. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे सूचना दिल्याशिवाय तिला राहवत नाही.

"घ्यायचं ते घ्या, द्यायचं ते द्या," वैशाली म्हणाली, "फक्त तिथं कुणाला औषध देऊ नका."

"मी काय वेडा आहे का?"

यावर तिनं माझ्या खिशातल्या पेनाकडे बघितलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सात रस्ता चौकाजवळच्या त्या हॉटेलात दोनशे डॉक्टर! पाहुण्यांना चादर-नारळ देऊन झालं आणि भाषणं सुरू झाली. काय एकेक वाटा सांगत होते! विमा कंपनीत सल्लागार व्हा. औषध कंपनीत संशोधनाला जा. हॉस्पिटलचा कारभार सांभाळा. घरी बसून मोबाइलवरून पेशंट तपासा! मी एका तासात मनातल्या मनात चार वेळा नोकरी बदलली. चौथ्या नोकरीत तर मला केबिनही आवडली होती.

मधल्या सुट्टीत मी सुटलो. दिसेल त्याला कार्ड! हृदयरोगतज्ज्ञाला कार्ड, विमावाल्याला कार्ड, फोटोग्राफरला कार्ड. लिफ्टमध्ये एक आजोबा भेटले, ते चुकून या मजल्यावर आले होते, त्यांनाही कार्ड. जेवणाआधी माझी शंभरच्या शंभर संपली, आणि त्यांच्या बदल्यात दुसऱ्यांची वीसेक कार्डं माझ्या वरच्या खिशात. खिसा असा फुगला होता की मी छाती काढूनच चालत होतो.

आणि मग साने मॅडम भेटल्या.

डॉ. रेवती साने, पुण्याच्या. दवाखाना बंद करून कंपनीत गेलेल्या, आता तिथल्या मोठ्या अधिकारी. मोबाइलवरून डॉक्टर गाठून देणारी कंपनी. मी हात मिळवला, आणि सवयीनं माझी बोटं सरकली मनगटावर!

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हणालो. "जिना चढून आलात ना? लिफ्ट चालू आहे की."

मॅडम आधी दचकल्या, मग खळखळून हसल्या. "डॉक्टर, अशी नाडी बघणारं माणूस मला बऱ्याच वर्षांनी भेटलं. आम्ही सोलापुरात काम सुरू करतोय. इथल्या वैद्यकीय प्रमुखाची जागा भरायचीय." त्यांनी आपल्या कार्डावर हातानं एक नंबर लिहिला. "हा माझा खासगी नंबर. कुणाला देत नाही. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मी सोलापुरात आहे. फोन करा, बसून बोलू."

वैद्यकीय प्रमुख! मी! पंख्याकडे बघत बसणारा मी! ते कार्ड मी वरच्या खिशात, सगळ्या कार्डांच्या पुढं ठेवलं. माझी नाडी तेव्हा कुणी बघितली असती तर मला थेट भरतीच केलं असतं.

त्याच आनंदात जेवायला गेलो. ताट हातात घेतलं, शेंगाचटणी वाढून घेतली, तेवढ्यात वाढप्यांचा मुख्य, नागेश, जवळ आला.

"डॉक्टर, जरा... छातीत लई जळजळतंय हो."

आता मला सांगा, तिथं दोनशे डॉक्टर होते. पण जळजळणाऱ्याला माझाच चेहरा का दिसतो? आणि दिसला तर मी काय करणार? ताट ठेवलं, नाडी बघितली, चार प्रश्न विचारले, खिशात हात घातला, लिहिलं, दिलं.

नागेशचं बघून फोटोग्राफर आला, त्याची पाठ. मग माइकवाला, त्याचा घसा. मग पार्किंगचा वॉचमन, त्याला नायटा, मग कुणाचा तरी ड्रायव्हर. नऊ की दहा जण झाले असतील. सगळे "देव भलं करो डॉक्टर" म्हणत गेले आणि मी अगदी समाधानानं चटणी संपवली.

घरी आलो. "दाखवा तुमचं नेटवर्क!" वैशाली म्हणाली. मी ऐटीत खिशातून गठ्ठा काढला. निम्माच! साने मॅडमचं कार्ड? पत्ताच नाही! कोटाचे खिसे उलटे केले, पँटचे केले, स्कूटरची डिकी बघितली.

वैशालीनं फक्त एकच विचारलं. "औषधं कशावर लिहिलीत?"

मी उरलेली कार्डं उलटीसुलटी करून बघितली. अहो, जमवलेलं निम्मं नेटवर्क मी जेवणाच्या हॉलमध्ये वाटून टाकलं होतं!

सोमवारी सकाळी उठल्याबरोबर इंटरनेटवरून कंपनीचा नंबर काढून लावला. तिकडून रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, "आपल्याला काय त्रास होतोय? तापासाठी एक दाबा, पोटदुखीसाठी दोन दाबा." मी नोकरीसाठी काही आकडा सांगतात का म्हणून वाट बघत बसलो. शेवटी घाबरून दोन दाबलं. "धन्यवाद. आपल्या भागातील डॉक्टर लवकरच आपल्याशी संपर्क साधतील." आमच्या भागातला डॉक्टर म्हणजे मीच की!

वर्गमित्राला लावला, तर तो ऑपरेशनमध्ये. आणि तेवढ्यात परिषदेच्या ग्रुपवर टणटण सुरू झाली. त्या ग्रुपवर फक्त सोलापूरचे डॉक्टर, पुण्याचं कुणी नाही.

एक हृदयरोगतज्ज्ञ लिहितो, "सकाळपासून मला नायट्याच्या मलमाबद्दल फोन येतायत. माझ्या कार्डामागे हे कोण लिहितंय?" एक डोळ्यांच्या मॅडम लिहितात, "मलाही आला! कंबरदुखीचा!" तिसरा लिहितो, "हे अक्षर कुठल्या भाषेतलं आहे?" खाली फोटो. माझंच अक्षर!

ग्रुपवर साने मॅडमचा नंबर मागावा, तर चोर आपणहून चौकीत गेल्यासारखं होणार. मी फोन मुका करून खिशात टाकला, इराण्णाला "दवाखाना बघ, मी आलोच" म्हणालो आणि स्कूटर काढली.

पहिला गाठला फोटोग्राफर. त्याच्याकडे विमावाल्याचं कार्ड. वॉचमनकडे त्या हृदयरोगतज्ज्ञाचं. माइकवाला गेला होता नातेपुत्याला लग्नाच्या कामावर. म्हणजे गेलं का आमचं नशीब नातेपुत्याला? दुपारचे दोन वाजले, ऊन असं की स्कूटरची सीट बसवेना. शेवटी नागेश त्याच्या घरी सापडला.

"तुमची चिठ्ठी व्हय? ती समोरच्या मेडिकलवाल्या रफीकभाईंकडं हाय. पर डॉक्टर, लई गुण आला बगा!"

त्याला गुण आला, माझा जीव चालला होता! रस्ता ओलांडून मी मेडिकलमध्ये शिरलो. रफीकभाई मला बघून उठूनच उभे राहिले.

"अरे डॉक्टरसाब! चिठ्ठी तुमचीच ना? सकाळी मी चष्मा लावून बघितली, चष्मा काढून बघितली, उलटी धरून बघितली. नाही समजलं! मागं बघतो तर डॉक्टर बाईंचं नाव, हातानं लिहिलेला नंबर. म्हटलं त्यांनीच लिहिली असणार. लावला फोन!"

"रफीकभाई! काय म्हणाल्या त्या?"

"बोलल्या, मी तर नाही लिहिलं. मग त्यांनीच पेशंटचा त्रास विचारला अन् गोळी सांगितली. मग विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी बोललो, मॅडम, अशी चिठ्ठी इथं एकच डॉक्टर लिहितो, अन् वाचणारा पण एकच, त्यांचा इराण्णा. दवाखान्याचा नंबर दिला की मी त्यांना!"

कार्ड हिसकावून घेतलं आणि फोन काढला. इराण्णाचे अकरा फोन येऊन गेलेले! मॅडमचा नंबर लावला, तर तो व्यस्त. घड्याळात सव्वाचार. मी स्कूटर अशी हाणली की शुक्रवार पेठेतले लोक समजले, डॉक्टर मोठ्या केसला निघालेत.

दवाखान्यासमोर गाडी उभी, पुण्याच्या नंबरची. आत गेलो तर पेशंटच्या बाकावर साने मॅडम, हातात चहा, मांडीवर वही! शेजारी इराण्णा. तो एका म्हातारीशी कन्नडमध्ये बोलतोय, मग वळून दुसरीला तेलुगूत गोळी समजावतोय, मग मॅडमना मराठीत सांगतोय, "ह्या गुरुबाई, ह्यांची साखर वाढतीया, पर ह्या घरी सांगत न्हाईत. त्यांच्या सुनंला मी गुपचूप फोन करतो."

"मॅडम!" मी धापा टाकत कार्ड पुढं केलं. "तुमचं कार्ड! हरवलं नव्हतं! म्हणजे हरवलं होतं, पण..."

"माहितीये," त्या हसू दाबत म्हणाल्या. "मी दोन तास इथंच आहे. डॉक्टर, आम्ही पुण्यात बसून विचार करत होतो, सोलापुरातल्या लोकांचा मोबाइलवरच्या डॉक्टरवर विश्वास कसा बसणार? त्याचं उत्तर इथं बसलंय. शहराचे समन्वयक म्हणून मी इराण्णांना विचारलंय. सकाळी आमच्याकडे, संध्याकाळी तुमच्याकडे. चालेल ना?"

मी इराण्णाकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. "डॉक्टर, तुमी न्हाई म्हनला तर न्हाई करनार मी."

अरे, न्हाई कसं म्हणणार? मी त्याला तिथंच मिठी मारली. खरंच आनंद झाला हो! सव्वीस वर्षं तो माझं लिहिलेलं निस्तरत होता, आणि ते ओळखायला पुण्याहून कुणीतरी यावं लागलं.

"आणि... माझ्या जागेचं?" मी हळूच विचारलं.

"तुमच्यासाठी जागा राखून ठेवलीय," मॅडम म्हणाल्या. "फक्त आमच्याकडे औषधं टाइप करावी लागतात. शिकून घ्या, मग इराण्णांना सांगा. ते मला कळवतील."

म्हणजे आता माझी शिफारस माझा कंपाउंडर करणार!

तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास वैशाली मला टायपिंग शिकवते. शाळेतल्या पोरांना ओरडते तशीच ओरडते.

परवा इराण्णाची कार्डं छापून आली. काय देखणी! पहिलं कार्ड त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. "ठेवा डॉक्टर. नंबर हाय त्यावर. कवाबी फोन करा."

मी ते वरच्या खिशात, अगदी काळजाशी ठेवलं. एवढ्यात बाकावरून गुरुबाई म्हणाल्या, "डॉक्टर, जरा माजा गुडगा..."

झालं! नाडी बघितली, दोन प्रश्न विचारले, लिहिलं, दिलं. गुरुबाई दारापर्यंत पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

इराण्णानं शांतपणे त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं. एका बाजूला स्वतःचं नाव वाचलं, दुसऱ्या बाजूला औषध वाचलं, गोळ्या काढून दिल्या. मग टेबलाचा खण उघडून कार्डांचा जाड गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"शंभर छापल्यात डॉक्टर," तो म्हणाला. "धा लोकांसाठी, आन् नव्वद तुमच्यासाठी."