वेसावे ते मुलुंड : हर्षिका, मी आणि जनावरांचा दवाखाना

कुत्र्यांना घाबरणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या मुलीला जनावरांच्या दवाखान्यात नेऊ नये, हे मला कळत होतं. लहानपणी बोरिवलीत एक कुत्रा माझ्या पोटरीला चावला होता, तेव्हापासून समोरून कुत्रा आला की मी रस्ता बदलते. तरीही गेले, कारण शब्द मीच देऊन बसले होते.

मी वेसाव्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हर्षिका ही माझ्या सातवीच्या वर्गातली, कोळीवाड्यातली मुलगी. बंदरावरच्या एका कुत्र्याच्या पिल्लाच्या ओठात मासेमारीचा गळ अडकला होता, तो तिने पक्कडीने तोडून काढला. तेव्हापासून तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. तिच्या नात्यागोत्यात या वाटेला कोणी गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच पहिला प्रश्न. मुलुंडचा एक दवाखाना अशाच घरांतल्या मुलांना एका शनिवारी बोलावतो असं कळलं आणि मी तिचं नाव देऊन टाकलं.

तिची आई, भारतीताई, बाजारात मासे विकते. तिने अट घातली. "एकदा न्या, टीचर. पन पोर घाबरून आली तर परत हा विषय नाय काढायचा. मंग ती माझ्यासंगती बाजारात बसंल."

मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. आदल्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सकाळी आठला निघालो. कोळीवाड्यातून मेट्रो स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा मिळते. तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर पायात बंद बूट घाला आणि पाणी घरूनच घ्या. मेट्रोच्या तपासणीत हर्षिकाची बॅग मशीनमधून बाहेर आली, तसं गार्डने नाक आक्रसलं.

"इसमें क्या है?"

"डब्बा," हर्षिका म्हणाली.

मीही डबाच समजले. वेसाव्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं नाक माशाच्या वासाची दखलच घेत नाही. पण आझाद नगरला शेजारी बसलेली बाई उठून पलीकडे जाऊन उभी राहिली, आणि ते हर्षिकाने पाहिलं. मरोळ नाक्याला तिने स्वतःची बाही हुंगली.

"टीचर, माझ्या अंगाला वास येतो काय?"

"नाही गं," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं, आणि ते तिला कळलं. ही पोर कुत्र्याला नाही, माणसांना घाबरून परत येणार, असं मला वाटलं.

घाटकोपरला उतरून मुलुंडची बस धरली. वाटेत वडापाव खाल्ला. तिने अर्धा, मी दीड. भीती वाटली की मला भूक लागते.

दवाखान्याच्या फाटकातच भुंकणं ऐकू आलं आणि मी सवयीने उलट वळले. आत वेगवेगळ्या शाळांची आठ-दहा मुलं होती. डॉक्टर सविता म्हणून तिशीतली एक बाई सगळं दाखवत होती. तुटलेल्या पंखाचा एक्स-रे दाखवला, मग प्रत्येकाला शेळीच्या छातीचे ठोके ऐकवले. हर्षिका सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून उभी. तिचा नंबर आला तेव्हा तिने मान हलवली.

डॉक्टर तिच्याजवळ गेली. "माझे वडील मेंढ्या राखायचे," ती म्हणाली. "कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले. वाटायचं, सगळ्यांना मेंढरांचा वास येतोय."

"येत होता?"

"येत असणार. पण मेंढरं धरता येणारी वर्गात मी एकटीच होते."

हर्षिकाने स्टेथोस्कोप कानाला लावला. मला वाटलं, सुटलो. पण मग अंगणात आल्यावर तिने बॅग उघडली आणि वर्तमानपत्रात बांधलेली पुडी डॉक्टरपुढे धरली. "आईने दिलंय. पयल्यांदा कुनाकडे जायचं तर मोकल्या हाताने नाय जायचं."

सुके बोंबील, चांगले अर्धा किलो. आणि भोवती कुत्री-मांजरांनी भरलेला दवाखाना.

पिंजऱ्यांतून एकच गलका उठला. तेवढ्यात आतून एका मदतनिसाच्या हातातला पट्टा सुटला आणि एक मोठा तांबडा कुत्रा, एका पायाने लंगडत असूनही, थेट आमच्याकडे धावत आला. मुलं किंचाळत पळाली. मी पळालेही नाही. माझे पाय हललेच नाहीत. शिक्षिका म्हणून मी हर्षिकाच्या पुढे उभं राहायला हवं होतं, पण मी तिच्या मागे उभी होते. हे लिहिताना अजून लाज वाटते.

"टीचर, हलू नका," हर्षिका हळू आवाजात म्हणाली. तिने पुडी छातीशी धरली नाही. खालून, बाजूला, लांब फेकून दिली, हात खाली सोडले आणि मान दुसरीकडे वळवली. बंदरावर बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली ती रोज हेच करते. हातात मासळी घेऊन धावायचं नाही, हे तिथे चालायला शिकतानाच शिकवतात. कुत्रा आमच्या बाजूने निघून पुडीवर तुटून पडला. डॉक्टरने मागून पट्टा धरला.

तेव्हा कुठे हर्षिका मागे सरकून मला चिकटली. मी तिचा हात धरला, पण तिचं लक्ष कुत्र्याकडे होतं. "एवढा कसा भुकेला हा?"

"आज पायाचं ऑपरेशन होतं," डॉक्टर म्हणाली. "म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवलेला."

"मंग आता?"

"आता खाल्लंय, तर आज नाही करता येणार. उद्या करू."

हर्षिका रडली ती त्यावर. परतीच्या मेट्रोत ती खिडकीला डोकं टेकून बसली. माझ्या मनात मात्र भारतीताईची अट घोळत होती. काय सांगायचं, किती लपवायचं, याची मी जुळवाजुळव करत होते. सगळा घोळ तिच्याच पुडीने झाला हे तर सांगणारच नव्हते.

भारतीताई दारातच बसली होती. लेकीचे सुजलेले डोळे तिने लगेच पाहिले. "घाबरली?"

"हो," हर्षिका म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. मेट्रोतली बाई, पुडी, कुत्रा, ऑपरेशन, काहीच वगळलं नाही. मी खाली मान घालून उभी होते. खेळ संपला, असंच मला वाटलं.

"त्याचा पाय माझ्यामुले एक दिस जास्त दुखनार," हर्षिका शेवटी म्हणाली.

 या सगळ्याला आता महिना होईल. आजही समोरून कुत्रा आला की मी रस्ता बदलते. माझ्यात काही फरक पडला नाही. पण भारतीताई त्या संध्याकाळी उठली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "टीचर, पुढल्या येलेला बोंबील नाय, मी नारल देईन."